माझ्या रेडिओतला कंडेन्सर

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे दुपारच्या एसटीनं गेले, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, धाकटे भाऊजी सासूबाईंना विट्याला घेऊन गेले. आता मला तुमच्याशी मोकळेपणानं भांडता येईल. इतके दिवस बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून बसले होते आणि आतून नुसती धुमसत होते. लोकांना वाटलं, मास्तरीणबाई दुःखानं गप्प झाल्यात. दुःख आहेच हो. पण त्याच्या आधी संतापाचा नंबर आहे.

सांगलीच्या स्टँडवर, बाकावर बसल्या बसल्या गेलात. मांडीवर पिशवी, पिशवीत तुमच्या त्या अँप्लिफायरमधला वाळलेला कंडेन्सर, दुकानदाराला नमुना दाखवायला नेलेला. ती पिशवी घट्ट धरलेली होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासूनच खराब होती, घरी असते तरी व्हायचं ते झालंच असतं. डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांचं खरं असेल. मला पटत नाही. घरी असतात तर निदान मी शेजारी असते. पाणी पाजलं असतं, हाक मारली असती. तिथं कुणी अनोळखी माणसानं तुमच्या तोंडावर पाणी मारलं. आणि ज्या वस्तूसाठी दुपारच्या उन्हात इस्लामपुराहून सांगलीला गेलात, ती वस्तू घरात होती. माझ्या रेडिओत होती. तुम्हाला ठाऊक होतं. मी घ्या म्हणत होते आणि तुम्ही घेत नव्हता. आता सांगा, मी गप्प कशी बसू?

ही हकिगत पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही सांगताना ती नेहमी स्वतःच्या सोयीची सांगायचात.

फौजेतून हवालदार होऊन घरी आलात तेव्हा बाकीच्यांनी काय काय आणलं होतं. कुणी बायकोला शाल आणली, कुणी पोरांना बूट आणले. तुम्ही गिटार आणलीत, आणि मेसच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेली ती विलायती पेटी. पेटी म्हणजे गिटारचा अँप्लिफायर. एकट्या माणसाला धड उचलेना इतका जड. मागच्या बाजूला काचेचे व्हॉल्व्ह, ते तापल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. स्टँडवरून सामान आणणारा गाडीवान विचारत होता, "आवं हवालदार, ह्यात काय तोफगोळं भरल्यात का काय?" मी शाल शोधत तुमची ट्रंक उलटीपालटी केली होती. शाल नव्हतीच.

पण खरं ते सांगते. पहिल्यांदा ओसरीवर पेटी लावून तुम्ही तार छेडलीत तेव्हा आख्खी गल्ली गप्प झाली होती. शिलाँगकडच्या कुणा बँडवाल्या दोस्तानं तुम्हाला शिकवलं होतं म्हणे. इस्लामपुरात तोवर गिटार लोकांनी पडद्यावरच्या हिरोच्या गळ्यातच पाहिलेली. साखर कारखान्यातली वायरमनची पाळी संपवून यायचात, चहा घ्यायचात आणि सांजेला पेटी लावायचात. मी शाळेतून येऊन भाकरी थापत असायची. तुमच्या नादानं किती भाकरी करपल्या, त्याचा दोष मी चुलीला दिला. आपली लेक सुमन सासरी गेल्यावर घरात आपण दोघंच उरलो, तेव्हा सांज कधी होते याची मी वाट बघायची. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतात.

मग बापूंनी तुम्हाला त्यांच्या ऑर्केस्ट्रात घेतलं. बापू अकॉर्डियन वाजवायचे आणि सगळ्यांवर हुकूम सोडायचे. गणपतीत, जत्रेत, कारखान्याच्या मोळीपूजनाला तुमचा कार्यक्रम असायचा. स्टेजवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ताठ उभे राहायचात, जणू परेडवर आहात. लोक म्हणायचे, "गिटारवालं हवालदार." मीही मागच्या रांगेत बसून ऐकलंय, डोक्यावरचा पदर पुढं ओढून.

आणि मग पेटी गुरगुरायला लागली. आधी वाटलं, बाहेर ट्रक उभा आहे. गिटारला हात लावा नाहीतर लावू नका, पेटीच्या पोटातून सारखी गुरगुर. तुम्ही दस्तगीरभाईंना बोलावलंत. पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तुमचा त्यांचा शाळेपासूनचा दोस्ताना. त्यांनी मागचं झाकण काढलं आणि अंगठ्यापेक्षा जाड, अॅल्युमिनियमची एक नळकांडी दाखवली. "ह्यो कंडेन्सर वाळलाय. लाइनीतली समदी गुरगुर ह्योच गिळायचा, आता ह्येचं पोट गेलंय. नवा टाकला की झालं." नवा टाकला की झालं! त्या एका वाक्यानं तुमची दोन वर्षं खाल्ली.

मिळेचना. इस्लामपुरात नाही, कऱ्हाडात नाही, साताऱ्यात नाही, सांगली-मिरजेत नाही. सगळीकडं एकच उत्तर. "आता कोण व्हॉल्व्हचा माल ठेवतंय हवालदार? ट्रान्झिस्टर आल्यात न्हवं." मला त्या ट्रान्झिस्टरचा इतका राग यायचा! ज्याच्या त्याच्या खांद्याला, सायकलच्या दांड्याला, नांगराच्या रुमण्याला अडकवलेला. एवढीशी डबी मिरवायला लागली म्हणून धडधाकट जुन्या वस्तूंना औषध मिळू नये, हा कुठला न्याय? माणसं तरी म्हातारी झाल्यावर दवाखान्यात नेतात.

विट्याची मंडळी गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. भाऊजींच्या ओळखीनं तुम्ही जत्रेला आलेल्या प्रत्येक गलाईवाल्याला गाठायचात आणि चित्र काढून समजावायचात, असा असतो, इतक्या व्होल्टचा असतो, बघा तुमच्या शहरात. ते मनापासून हो म्हणायचे. पुढच्या खेपेला मद्रासवाल्यानं आणला तो छताच्या पंख्याचा कंडेन्सर. कलकत्त्यावाल्यानं मोटारसायकलचा. तुम्ही दोघांनाही छातीशी हात नेऊन "लय उपकार झाले" म्हणालात आणि आत येऊन कपाळावर हात मारलात. मी हसले. तुम्हाला राग आला. चांगलंच झालं.

सांगलीच्या त्या दुकानदाराला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. त्याच्याकडं कमी व्होल्टचा माल होता, आणि त्यानं बिनदिक्कत सांगितलं, "चालतंय की, टाका बिनघोर." दस्तगीरभाई गावाला गेलेले, तुम्हाला धीर नाही. ते संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. सोप्यात बायका बसलेल्या, मी वाण देतेय, आणि आतल्या खोलीत तुम्ही पेटी चालू केलीत. असा बार उडाला की मामलेदारीणबाईंच्या हातातली तिळगुळाची वाटी उडाली. खोलीभर पांढरा धूर, कुजका वास, आणि कागदाचे नि चांदीच्या वर्खासारखे तुकडे तुळईपर्यंत चिकटलेले. बायका पायाला पाय लावून पळाल्या. धुरातून तुम्ही बाहेर आलात आणि विचारलंत काय, तर, "पेटीला काय झालं न्हाई ना?" पेटीला! अहो, मी दारात वाण हातात घेऊन उभी होते. पण तुमच्या भुवया जळलेल्या बघून मलाच हसू फुटलं आणि त्या दिवशीचं भांडण वाया गेलं.

पेटी त्यातून वाचली, पण गुरगुर तशीच राहिली. मग गणपती आले, आणि बापूंनी घरी येऊन चहा पीत पीत तुम्हाला सांगितलं, "हवालदार, तुमच्या डब्याच्या गुरगुरीत गाणाऱ्याचा आवाज बुडतोय बघा. एवढा गणपती तुमी ऱ्हावा घरीच. पेटी नीट झाली की या, जागा तुमचीच हाय." तुम्ही "व्हय, बरोबर हाय" म्हणालात. मी आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांच्या हातातली बशी काढून घ्यावी असं वाटलं होतं. ती गणपतीची रात्र तुम्ही अंगणात खाटेवर पडून काढलीत, चौकातला ऑर्केस्ट्रा ऐकत. पांढरा शर्ट इस्त्री करून मी खुंटीला लावून ठेवला होता. उगाच लावला.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला म्हणाले, "माझ्या रेडिओतला बघा की. तोही व्हॉल्व्हचाच आहे."

आणि इथून आपलं खरं भांडण सुरू झालं. ते लोकांना कळायला तुमचा तो नियम सांगावा लागेल. लग्नात तुम्ही हुंडा घेतला नाहीत, त्याचं कौतुक माझ्या माहेरी सगळ्या कुंडलनं केलं, माझ्या बाबांनी तर जन्मभर केलं. पहिल्या दिवाळसणाला बाबांनी जावयासाठी हौसेनं रेडिओ आणला. तुम्ही भरल्या घरात सांगितलंत, "मामा, हुंडा घेतला न्हाई, तर ह्ये बी घेणार न्हाई." बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी रेडिओवर माझा हात ठेवला आणि म्हणाले, "बरं, जावयाला न्हाई देत. लेकीला देतुया." तुम्ही म्हणालात, "मग तिचा हाय. मी हात लावणार न्हाई." सगळे हसले. मीही हसले, मला वाटलं, नवीन नवरा आहे, चार दिवस ताठ राहील.

तुम्ही खरंच हात लावला नाहीत! इतक्या वर्षांत एकदाही नाही. बातम्यांची वेळ झाली की सोप्यातून हाक यायची, "शालन, लाव गं." आवाज वाढवायला, "शालन, जरा मोठा कर." मी पिठाच्या हातानं चुलीपासून उठून यायची, बटण पिरगाळायची, परत जायची. तुमच्या त्या बाणेदारपणाच्या खेपा माझ्या पायांनी घातल्या. पाहुण्यांपुढं छाती काढून सांगायचात, "सासऱ्याच्या वस्तूला आजवर बोट लावलेलं न्हाई." आणि त्या बटणावर वाळलेलं माझं पीठ कुणालाच दिसायचं नाही.

तर मी रेडिओतला कंडेन्सर बघा म्हटल्यावर तुम्ही काय केलंत? रेडिओला हात न लावता, त्याच्या मागं गुडघ्यावर बसलात आणि पुठ्ठ्याच्या भोकांतून टॉर्च मारलीत. बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "ह्योच. आगदी ह्योच, तेवढ्याच व्होल्टचा." तुमचा आवाज असा झाला होता की मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. मी म्हणाले, "मग काढा की." तर टॉर्च विझवून उभे राहिलात. "चालत्या रेडिओचा जीव काढायचा न्हाई. आणि त्यो तुज्या बाबांचा हाय."

"बाबांचा नाही, माझा आहे. तुम्हीच म्हणाला होता."

"मग तर न्हाईच न्हाई."

आठवा जरा. सुमनच्या लग्नात कारखान्यातल्या माणसांकडून मांडव घेतलात, सतरंज्या घेतल्यात. गलाईवाल्यांपुढं हात जोडलेत. सगळ्या जिल्ह्यात बंद पडलेल्या रेडिओंतल्या कंडेन्सरपायी दारोदार फिरलात. त्या लोकांनी मेलेला रेडिओसुद्धा दिला नाही, त्याला विणलेला रुमाल घालून वर फुलदाणी ठेवून शोकेसमध्ये बसवला होता. तिथं मागायला लाज वाटली नाही. बायको आपण होऊन देतेय, तेवढं घ्यायचं नाही. मी रडले, ओरडले, दोन दिवस अबोला धरला. शेवटी म्हणाले, "आवं, मला बातम्या नकोत, मला तुमची गिटार पायजे. माझ्यासाठी घ्या." तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "लोक म्हणतील, शेवटी सासऱ्याच्या मालावर ऑर्केस्ट्रा काढला." लोक! अहो, टॉर्च मारून भोकातून बघणारे तुम्ही एकटेच होतात. कुठल्या लोकांना कळणार होतं?

त्यानंतर मी विषय काढला नाही. तुम्हीही नाही. परवा दुपारी निघताना—परवा कसलं, त्या दिवशी—मी पायरीवर उभी होते. तुम्ही म्हणालात, "सांगलीत एक नवीन दुकान निघालंय म्हणं. बघून येतो." माझ्या रेडिओतला घ्या की, हे तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं आणि सांगितलं, "टोपी घाला, ऊन आहे." एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

आता बापूंचं ऐका. दहाव्याला आले होते. मोठ्यानं रडले. "ऑर्केस्ट्राचा प्राण गेला" म्हणाले. मग डोळे पुसून म्हणाले, "वैनी, पुढच्या आठवड्यात चौकात श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवलाय. हवालदारांची पेटी स्टेजवर मधोमध मांडायची, हार घालायचा, फोटो ठेवायचा. लय शोभंल."

"वाजवणार कोण?" मी विचारलं.

"वाजवायची न्हाई हो, ती गुरगुरतीय. नुसती मांडायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेटी गुरगुरते म्हणून जिवंतपणी माणसाला घरी बसवलंत, आणि आता तीच बंद पेटी हार घालून मिरवणार! मी सगळ्यांदेखत म्हणाले, "बापू, पेटी हवी तर वाजवणारा माणूस घेऊन या. हारबीर काही घालायचा नाही. नाहीतर पेटी इथून हलणार नाही." सासूबाईंनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. बापू म्हणाले, "आवं पण ती नीट कुठं हाय?" मी म्हणाले, "ते माझं मी बघते."

म्हणून काल दुपारी सगळे गेल्यावर दस्तगीरभाईंना बोलावणं पाठवलं. रेडिओ काढून पेटीशेजारी ठेवला आणि सांगितलं, ह्यातला काढा, त्यात घाला. ते बिचारे दोन पावलं मागं सरले. "वैनी, मी न्हाई हात लावायचा. हवालदारानं मला शपथ घातल्याली हाय. वैनी मागं लागंल, पर तू काढायचा न्हाईस, म्हणून."

म्हणजे ही तजवीजसुद्धा करून ठेवली होतीत! माझी वस्तू मी देऊ नये म्हणून माझ्या पाठीमागं शपथा. संतापानं माझे कान तापले. मी म्हणाले, "भाई, शपथ तुम्हाला घातलीय ना? मला नाही. तुम्ही टॉर्च धरा."

इतकी वर्षं टॉर्च मी धरली होती. तुम्ही काय करता ते बघत होते, तुम्हाला वाटायचं मी जांभया देतेय. पुठ्ठा काढला. लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं कंडेन्सरमध्ये साठलेली वीज आधी मारली, बारीक ठिणगी उडाली. एक हात कमरेमागं ठेवला, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून तुम्ही ठेवायचात तसा. दस्तगीरभाई म्हणाले, "वैनी, ह्यो बी म्हातारा हाय. किती दिवस टिकंल सांगता येत न्हाई." मी म्हणाले, "टिकेल तितका टिकू दे." कथलाचा डाग देताना एक टिपूस मनगटावर पडला, फोड आलाय. दस्तगीरभाई टॉर्च धरून एकीकडं तोंड करून उभे होते, मी केलेलं त्यांना दिसायला नको म्हणून. पण डाग कच्चा राहिला तिथं तोंड न वळवताच म्हणाले, "अजून जरा तापवा." त्यांची शपथही मोडली नाही आणि माझं कामही झालं.

पेटी चालू केली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. मी कान जवळ नेला. गुरगुर नव्हती. आत काही नव्हतंच जणू. मला गिटार येत नाही, मी नुसती जाड तार अंगठ्यानं ओढली. ओसरीपासून चौकापर्यंत सूर गेला. समोरच्या काकू धावत आल्या, सुतक फिटून एक दिवस झाला नाही तोवर ही बाई काय करतेय म्हणून उंबऱ्यातच थांबल्या, आणि तोंडाला पदर लावून खाली बसल्या. तार हलायची थांबली तसं घर एकदम गप्प झालं. आधी ती गुरगुर तरी असायची. दस्तगीरभाईंनी टोपी काढून डोळे पुसले आणि निघून गेले.

बापू मिरजेचा कुणी गिटारवाला आणतायत. पेटी जाईल, वाजेल, आणि कार्यक्रम संपला की परत घरी येईल. रेडिओ आता बोलत नाही. कोपऱ्यात आहे, मी त्याला रुमाल घातलेला नाही.

रागावला असाल तर रागवा. माझाही राग गेलेला नाही, जाईल असं दिसत नाही. माझ्या हातची भाकरी खाल्लीत, तापात माझ्या हातानं पेज प्यायलात, माझ्या पगारावर कारखान्याच्या संपाचे महिने काढलेत आणि त्याचं कधी ओझं वाटू दिलं नाहीत. त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे, कारण मोठेपणा मिरवला तरी बायकोच्या कमाईला कमीपणा मानणारे तुम्ही नव्हतात. मग ही एवढीशी नळकांडीच का जड झाली? तिच्यापायी मी तुम्हाला स्टँडच्या बाकावर गमावलं. आता ती तुमच्या पेटीत बसलीय, माझ्या हातच्या डागानं, आणि तुम्हाला ती काढून परत करता येणार नाही. भांडण मी जिंकले. पण "बरं बाई, घेतलं" एवढं म्हणायला तुम्ही कुठं आहात?